आठ-एकोणचाळीस की आठ-त्रेचाळीस

माझ्या जीपची हकिकत आमच्या नात्यात निदान तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकारांत मूर्ख मीच ठरतो. एवढ्या एका मुद्द्यावर सांगणाऱ्यांचे आश्चर्यकारक एकमत आहे. अकोल्याची मंडळी म्हणतात, मास्तरांना मोजता आले नाही. अमरावतीत ज्याने माझ्या गाडीचे काम केले तो मिस्त्री म्हणतो, सरांनी झाकण खोलू दिले नाही. तिवशाला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, अशी समजूत आहे की मी आधी चांगल्या जीपचा ट्रॅक्टर केला आणि मग बायकोवर एसटीने जायची पाळी आणली. तिवशाच्या लोकांनी घटनांचा क्रमच उलटा करून ठेवला आहे. ज्यांना आधी काय आणि नंतर काय एवढेही सांगता येत नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. उरलेल्या दोघांशी घालतो, आणि सत्तरी ओलांडली म्हणून तो सोडून द्यावा असे मला वाटत नाही.

अमरावतीच्या एका तंत्रशाळेत मी एकतीस वर्षे यंत्रकाम शिकवले. दात्यांची चाके हा त्यातला माझा खास विषय. मुद्दाम सांगतो, कारण माझ्यावरचा आरोप दाते मोजता न आल्याचा आहे.

आरोप करणारे माझे थोरले साडू. पत्नीच्या मोठ्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फोरमन होते. थोरले असल्यामुळे तिवशाच्या प्रत्येक पंगतीत त्यांचा पाट माझ्या आधी मांडला जातो. माझी त्याला हरकत नाही. लग्ने ज्या क्रमाने लागली त्या क्रमाने पाट मांडावेत. परंतु वर्षानुवर्षे आधी वाढून घेतल्यामुळे त्यांना असे वाटू लागले की यंत्रशास्त्रातही हाच क्रम चालतो.

जीप मी निवृत्तीनंतर घेतली. जुनी, डिझेलवरची, मागच्या दोन चाकांनी चालणारी. वलगावच्या पुढे आमचा संत्र्यांचा लहानसा बगीचा आहे; तिथल्या पांदणीतून क्रेट भरून आणायला अशीच गाडी लागते. पांदणीत तिने मला कधी दगा दिला नाही. दगा दिला तो डांबरी रस्त्यावर, आणि तोही पत्नी शेजारी बसलेली असताना.

अकोल्याच्या रस्त्याचे रुंदीकरण तेव्हा रखडत चालले होते. एकाच बाजूने दोन्हीकडची वाहने सोडलेली. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाठींचा एक ट्रक आमच्यापुढे डुलत चालला होता. रस्ता मोकळा पाहून मी जीप बाहेर काढली, तिसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दाबला. जीपने विचार केला. तिचा विचार चालू असतानाच समोरून टँकर दिसू लागला. मी ब्रेक लावला आणि निमूटपणे पुन्हा ट्रकच्या मागे आलो. कुणाला ओरखडाही आला नाही. पत्नीने अकोला येईपर्यंत समोरची दांडी सोडली नाही. साडूंच्या फाटकाशी उतरल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मी आता या गाडीत बसत नाही. येईन तं एसटीनं येईन."

"काहून, काय केलं मास्तरनं?" साडूंनी विचारले.

"मले नका इचारू. त्याईले इचारा."

मला विचारल्यावर मी वस्तुस्थिती सांगितली की गाडीला ऐनवेळी जोर आला नाही. पत्नीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दुसऱ्याच कुठल्या तरी अपघाताची माहिती देत होतो. आणि तिने शब्द पाळला. त्या दिवशी परतीला ती एसटीने आली, आणि पुढेही एसटीनेच जाऊ-येऊ लागली.

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्या शेजारी बसायला नकार देणे ही गोष्ट लोक वाटते तितकी खासगी राहू देत नाहीत. दोन महिन्यांनी साडूंच्या नातीचे बारसे निघाले. संत्र्यांचे क्रेट न्यायचे असल्यामुळे मला जीप काढणे भाग होते. पत्नीला स्टँडवर सोडून मी निघालो, आणि बडनेऱ्याच्या पुढे नेमकी तिचीच बस माझ्यासमोर आली. तिला मागची जागा मिळाली होती. काचेतून ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. ओव्हरटेक करायचे तर जीपला पुन्हा विचार करू द्यावा लागला असता. त्यामुळे स्वतःच्या बायकोच्या पाठोपाठ, धूर खात, मी मूर्तिजापूरपर्यंत गेलो. मध्येच तिच्या शेजारच्या बाईनेही वळून पाहिले. पत्नीने तिला काय सांगितले असेल याचा मी अंदाज केला नाही. गरज नव्हती, दोघी हसत होत्या.

त्याच बारशात साडूंनी, सगळे जेवत असताना, निकाल दिला. "मास्तर, गाडीचा क्राउन-पिनियन बदला. आठ-त्रेचाळीस टाका. उडते गाडी!"

"भाऊ, मले उडाचं नाही. पुढच्या गाडीच्या पुढं जाचं आहे फक्त."

"मंग तेच तं सांगून राहिलो ना बाप्पा!"

आता या आकड्यांचा अर्थ, ज्यांनी कधी गाडीखाली डोके घातले नाही त्यांच्यासाठी. इंजिनाचा फेरा एका लांब दांड्याने मागे येतो. दांड्याच्या टोकाला लहान दाते-चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दाते-चाकाला फिरवते, तो क्राउन. आणि क्राउन चाकांना फिरवतो. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांड्याला किती फेरे घ्यावे लागतात ते कळते. माझ्या जीपमध्ये नऊ आणि एक्केचाळीस दाते होते, म्हणजे साडेचाराहून किंचित जास्त फेरे. हे फेरे वाढवले की गाडी चटकन उचलते. मात्र त्याच वेगाला इंजिन अधिक ओरडते, आणि पळण्याची कमाल मर्यादा खाली येते. दोन्ही हातांनी कुणालाच घेता येत नाही. साडूंचे आठ-त्रेचाळीस म्हणजे सव्वापाचाच्याही वर. ओझे वाहणाऱ्या गाडीला ते शोभते. मी आठ-एकोणचाळीस निवडले, म्हणजे पाचाला थोडे कमी. ट्रकच्या पुढे जाण्यापुरता जोर मिळेल आणि सत्तरच्या वेगाला शेजारच्या माणसाशी बोलताही येईल. आणि शेजारी कोण बसावे म्हणून हे सगळे चालले होते ते मी विसरलो नव्हतो. हा निर्णय बरोबर होता. आजही बरोबर आहे. ही गोष्ट तिन्ही प्रकारांतून गळालेली आहे.

माझ्या जीपला बसेल असा आठ-एकोणचाळीसचा नवा जोड मिळेना, तेव्हा अकोल्याच्या भंगार बाजारात संपूर्ण मागचा आसच, म्हणजे क्राउन-पिनियनसकट मागच्या चाकांचा सांगाडा, घ्यायचे ठरले. साडू सोबत आले. मी बोलावले नव्हते. तिथे तसे तीन आस पडलेले होते, आणि त्यांच्यावरचे आकडे गंजाने खाल्लेले. मागचे झाकण उघडले तर दाते सरळ मोजता येतात. पण त्या बाजाराचा एक रिवाज आहे. दुकानदार हात आडवा घालून म्हणाला, "झाकन खोललं का माल तुमचा, चाचा. मंग आत काई बी निघो."

मोजण्याचा दुसरा मार्ग माझ्याकडे होता. मी तो एकतीस वर्षे फळ्यावर काढून दाखवलेला आहे. आसाचे एक टोक घट्ट धरून ठेवायचे आणि दुसरे टोक पूर्ण दोन फेरे फिरवायचे. तेवढ्यात पिनियन जितके फेरे घेईल तो आपला आकडा. दोन फेरे का, तर एक टोक थांबवले की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत फेरे वाटून देणारी यंत्रणा, अर्धीच हालचाल पुढे पोहोचवते. साडूंना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते एक फेरा पुरे होता. मी त्यांना समजावले. दुकानदाराने आम्हा दोघांकडे पाहून स्वतःसाठी चहा मागवला.

अखेर पिनियनच्या बाहेर आलेल्या टोकावर आणि हबवर, म्हणजे आसाच्या दोन टोकांवर, खडूने खुणा केल्या. दुकानदाराने एक टोक फिरवायचे, साडूंनी दुसरे धरून ठेवायचे आणि मी पिनियनचे फेरे मोजायचे, असे ठरले. पहिल्या दोन आसांचा आकडा जुन्या जीपइतकाच निघाला. तिसऱ्याच्या वेळी साडूंच्या ओळखीचे कुणी समोरून गेले. साडूंनी हाक मारली आणि हाकेबरोबर खिशातली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी काढून पुढे केली. म्हणजे हबवर एकच हात उरला. त्याच वेळी तो हब त्यांच्या हाताखालून उलट्या दिशेने थोडा सरकला. फार नाही, फेऱ्याचा पाचवा हिस्सा असेल. माझी खूण पाच फेऱ्यांच्या किंचित अलीकडे थांबली.

"किती?" साडूंनी तोंडात खर्रा टाकत विचारले.

"पाचाले थोडं कमी," मी म्हणालो. "आठ-एकोणचाळीस."

तो आस आम्ही घेतला. अमरावतीच्या मिस्त्रीने तो बसवला. आता त्याच्या आक्षेपाबद्दल. त्याने विचारले होते हे खरे आहे. "सर, तेल टाकाच्या आधी झाकन खोलून दाते मोजून घेऊ का?" आणि "मी मोजले आहेत" असे मी म्हणालो होतो, हेही खरे आहे. परंतु "खोलू दिले नाही" आणि "मी मोजले आहेत" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात दांडगाई आहे. दुसऱ्यात फक्त माहिती आहे.

जीप उचलू लागली यात शंका नव्हती. तिचे विचार करणे थांबले. बगीच्यातून येताना एका मिनीट्रकच्या पुढे मी इतक्या सहज गेलो की पुन्हा एकदा जाता यावे म्हणून थोडा हळू झालो. आवाज मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटला. मी सायलेन्सरला दोष दिला.

पत्नीला मी सगळे समजावून सांगितले की मीटर चाकांचे नाही, त्या लांब दांड्याचे फेरे मोजतो, आणि ते आता वाढले आहेत. "काटा थोडा जास्त दाखवील. साठ दिसलं का समजाचं छपन्न." ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अकोल्यापर्यंत येते. काटा साठच्या वर नाही गेला पाहिजे. येताना कशानं याचं ते मी तठी गेल्यावर पाहीन."

म्हणजे मला एक खेप मिळाली. ज्या जोरासाठी मी एवढी खटपट केली तो वापरायची तिने बंदीच घातली होती, पण मी मान्य केले. सायकली सोडल्या तर त्या दिवशी रस्त्यावरचे प्रत्येक वाहन आमच्या पुढे गेले. काटा साठावर, पत्नीची नजर काट्यावर आणि इंजिन असे ओरडत होते की मूर्तिजापूरला एका ढाब्यावरचे लोक बाहेर येऊन पाहू लागले. तिने दोनदा विचारले, "एवढं काहून ओरडून राहिलं हे?" मी दोनदा सायलेन्सर म्हणालो.

साडू फाटकातच उभे होते. पहिल्यांदा त्यांनी घड्याळ पाहिले आणि मग जीपच्या खिडकीतून आत वाकले. निघताना किती किलोमीटर होते ते मी नेहमी कागदावर टिपतो, आणि तो कागद समोर खोचलेला होता. साडूंनी तो वाचला, मीटरवरचा आकडा वाचला, ओठ हलवून वजाबाकी केली.

"मास्तर, तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत शहाण्णव होते ना?"

"हो."

"आज एकशे तेरा झाले. अकोला सरकलं का?"

मी मनात भागाकार केला. एकशे तेराला शहाण्णवने भागले आणि आलेल्या उत्तराला जुन्या आकड्याने गुणले; ते सव्वापाचाच्या वर गेले. साडूंना असला भागाकार तोंडी येत नाही. पण त्यांना माझा चेहरा वाचता येतो. "आठ-त्रेचाळीस!" ते एवढ्याने ओरडले की सगळे घर बाहेर आले. "मी काय म्हनलो होतो? आठ-त्रेचाळीस टाका! टाकलं ना शेवटी? अन् तेही मोजून!"

अंकगणितावर विश्वास नसल्यामुळे त्यांनी अंगणातच नटबोल्टचे पाने मागवले, तेल बादलीत काढले आणि जीपच्या मागच्या आसाचे झाकण उघडले. क्राउन हाताने फिरवत, एकेका दात्यावर खडू लावत त्यांनी मोजणी केली. सगळे त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजत होते. एकोणचाळिसाला ते मुद्दाम थांबले, माझ्याकडे पाहिले आणि पुढचे चार आकडे अगदी सावकाश म्हटले.

मी म्हणालो, "भाऊ, तुमचा हात सुटला होता. खर्रा काढताना."

"कोन म्हनते?"

"मी म्हणतो. मी पायलं."

"पायलं? मंग तवाच काहून नाही बोलले?"

 या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. मी ते दिले नाही. "माझं लक्ष पिनियनवर होतं," असे काहीतरी पुटपुटलो, जे एका क्षणापूर्वीच्या माझ्याच विधानाशी विसंगत होते आणि ते सगळ्यांच्या लक्षात आले. अकोल्याची हकिकत तिथे जन्माला आली. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे. मोजणारा चुकला नव्हता. धरणारा चुकला होता. आणि मोजणाऱ्याने ते पाहिले होते.

तेवढ्यात पत्नीने विचारले, "म्हंजे आपुन साठनं नाही आलो?"

"एक्कावन्ननं आलो," मी म्हणालो.

यावर सगळ्यांत जास्त हसले ते साडू. मग मोठ्या मनाने म्हणाले, "सोपं आहे. मीटरची बारकी गरारी बदलून देतो मी, मंग काटा खरं सांगते. अन् बाई, तुमी संध्याकायच्या एसटीनं जा. स्टँडवर मी सोडतो."

चार वाजता पत्नीची पिशवी ओसरीवर आली. साडूंनी त्यांची नवी गाडी फाटकाशी लावली होती. माझी जीप नव्या तेलासह कडुनिंबाखाली उभी होती. आत सगळ्यांचा चहा चालला होता. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. एरवी मी केले नसते ते मी केले. तिला म्हणालो, "त्यायचा हात सुटला तो मी पायला होता. पण आकडा मले पाहिजे तसाच आला, म्हणून बोललो नाही. पुन्हा मोजलं असतं तं आठ-त्रेचाळीस निघालं असतं, अन् भाऊचं खरं झालं असतं."

ती पिशवीचा बंद बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "जीपले जोर नव्हता म्हणून का उतरली होती मी?"

"मंग?"

"तुमाले कोनाच्या मागं राहनं होत नाही म्हणून. ट्रकच्या मागं नाही, भाऊजीच्या मागं नाही. त्याले कोनतं चाक बसवता?"

मी कडुनिंबाखालच्या जीपकडे पाहिले. एकतीस वर्षांत फळ्यासमोर मी असा कधी उभा राहिलो नव्हतो.

"हे भाऊजीले सांगता का, आत्ता मले सांगतलं ते?"

"नाही."

तिने पिशवीचा बंद पक्का ओढला. मग म्हणाली, "मले तं सांगतलं." पिशवी उचलून तिने जीपच्या मागच्या बाकावर ठेवली, आणि आत जाऊन साडूंना म्हणाली, "भाऊजी, मी यायच्यासंगच जाते. अन् त्या मीटरले हात नका लावू. साठ दिसलं का माह्यासाठी साठच."

आता रस्ता चौपदरी झाला आहे. पुढे जायला कुणाच्या अंगावरून जावे लागत नाही, समोरून कुणी येत नाही, आणि ज्या जोरासाठी मी भंगार बाजारात उन्हात उभा राहिलो त्याचा मला काडीचा उपयोग उरलेला नाही. उरला आहे तो फक्त आवाज. आस बदलून आठ-एकोणचाळीस बसवता आले असते. मी बसवले नाही. त्यासाठी साडूंसमोर पुन्हा कुणाला तरी हब धरायला सांगावे लागले असते. मीटरची गरारीही तीच आहे. दर महिन्याला आम्ही अकोल्याला एकशे तेरा किलोमीटर जातो. डाव्या पट्ट्यातून.

साडूंना जे मी सांगितले नाही ते इथे लिहिले आहे. त्यांनी ते वाचावे. मात्र हात त्यांचाच सुटला होता हेही त्यांनी वाचावे.

मागच्या आठवड्यात बोरगावच्या जवळ त्यांची गाडी उजवीकडून आमच्या पुढे गेली. त्यांनी लांबच लांब हॉर्न वाजवला, काच खाली केली आणि हाताने मला पुढे यायची खूण केली. पत्नीने त्यांना हात दाखवला. मग तिने काट्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. साडू बराच वेळ आमच्या पुढे हळू चालवत राहिले. मी त्यांच्या मागे राहिलो.